पिंपरीची कुपी आणि बुरोंडीची गोळी

दापोली तालुक्यातले बुरोंडी हे समुद्राला लागून असलेले, मासेमारी आणि भातशेतीवर जगणारे गाव. कोकणातल्या अशा कोणत्याही गावात आज घसा धरला, दाढ सुजली किंवा पायातला काटा पिकला, तर औषधाचे नाव आठवावे लागत नाही, आकडा पुरतो. ‘सहाशे पंचवीस’ म्हटले की मेडिकलवाल्याला कळते. या आकड्यात दोन औषधे आहेत: ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्या घराण्यातले एक प्रतिजैविक, आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक आम्ल. दुसरे औषध जंतूंना मारण्यासाठी नाही, पहिल्याचे रक्षण करण्यासाठी आहे. साधारण ऐंशी वर्षांपूर्वी पेनिसिलिन मिळवण्यासाठी सरकारांना आपसांत करार करावे लागत होते. आज त्याच घराण्यातली ही जोडगोळी गावाच्या नाक्यावर मिळते, आणि ही प्रगती खरी आहे. पण हा सगळा प्रवास नीट पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. औषध दुर्मीळ होते तेव्हा ते जपून वापरण्याची शिस्त टंचाईनेच लावली होती. औषध मुबलक झाले तेव्हा टंचाई गेली, तिच्याबरोबर ती शिस्तही गेली, आणि तिच्या जागी दुसरी शिस्त आपण उभी केली नाही. ही जोडगोळी सुरक्षित आहे की नाही, याचे उत्तर केवळ गोळीत सापडत नाही. ती कोण, कशासाठी, काय विचारून देतो, यावर ते ठरते.

टंचाई किती टोकाची होती ते आधी पाहू. अलेक्झांडर फ्लेमिंगला लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात बुरशीचा तो प्रसिद्ध परिणाम दिसला १९२८ साली. पण त्या बुरशीतून औषध काढण्याचे काम ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी केले, तेही पुढच्या दशकाच्या अखेरीस. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला ते टोचले गेले. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलिनही शुद्ध करून पुन्हा त्यालाच देत होते. तो सुधारू लागला, तेवढ्यात साठा संपला आणि मार्च महिन्यात तो गेला. युद्धाच्या काळात अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले, पण बहुतेक माल सैन्याकडे जात होता. भारतात तर पेनिसिलिन पूर्णपणे बाहेरून येणारी वस्तू होती. मुंबईच्या परळमधील हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखे यांचा आग्रह होता की अशी मूलभूत औषधे भारताने स्वतः बनवली पाहिजेत. आयातीवर जगणाऱ्या देशात औषध कोणाला मिळणार, हे रोग्याच्या गरजेवर ठरत नाही, खिशावर ठरते, हे त्यामागचे साधे गणित होते. सोखे पुढे १९५० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेत साहाय्यक महासंचालक झाले.

पिंपरीचा कारखाना याच विचारातून आला. युनिसेफची यंत्रसामग्री आणि जागतिक आरोग्य संघटनेचे तांत्रिक साहाय्य घेऊन भारत सरकारने पुण्याजवळ ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड’ ही कंपनी १९५४ साली स्थापन केली. स्वतंत्र भारतातला हा सरकारी मालकीचा पहिला औषध कारखाना. पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आज पिंपरी-चिंचवड म्हटले की वाहने आणि यंत्रांचे कारखाने डोळ्यांसमोर येतात, पण त्या माळावरच्या आद्य कारखान्यांपैकी एक होता तो बुरशी वाढवणारा. प्रचंड टाक्यांमध्ये पोषक द्रव, त्यात पेनिसिलियम बुरशी, सतत खेळती निर्जंतुक हवा, ठरलेले तापमान, आणि परका जंतू शिरला तर सगळी टाकी वाया. पिंपरीच्या संशोधकांनी पुढे हॅमायसिन हे बुरशीनाशक स्वतः शोधले आणि त्याच्या नावात कंपनीची आद्याक्षरे गुंफली. औषध बाहेरून आणून बाटलीत भरायचे एवढेच काम तिथे होत नव्हते. ते समजून घेण्याची आणि नवे घडवण्याची क्षमता या राज्यात रुजत होती.

त्या काळातले पेनिसिलिन मुख्यतः कुपीतून येई आणि सुईने दिले जाई. सुरुवातीला तर दर तीन-चार तासांनी टोचावे लागे. प्रोकेन पेनिसिलिन आल्यावर ते दिवसातून एकदा-दोनदा भागू लागले आणि बेंझाथिन पेनिसिलिनमुळे एका इंजेक्शनचा परिणाम काही आठवडे टिकू लागला. सुईमुळे रोग्याला त्रास होई यात शंका नाही. पण सुई द्यायला माणूस लागे. तो माणूस ‘यापूर्वी या औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या का, दम लागला होता का’ असे विचारी, बऱ्याच ठिकाणी त्वचेवर थेंबभर टोचून वाट पाही, आणि रोगी घरी नेऊन स्वतःच मात्रा ठरवू शकत नसे. रोगी आणि औषध यांच्या मध्ये एक जाणता हात आपोआप उभा राही. कायद्यापेक्षा औषधाच्या रूपानेच हे बंधन घातले होते. तोंडाने घ्यायच्या गोळ्या आणि कॅप्सूल आल्या, आणि या बंधनाची गरज कोणाला जाणवण्याआधीच ते सुटले.

शिस्तीने वापरलेले पेनिसिलिन काय करू शकते, याचा पुरावा मराठी मुलखाला जवळचा आहे. यॉज नावाचा त्वचेचा आणि हाडांचा विद्रूप करणारा संसर्ग मध्य भारतातल्या दुर्गम आदिवासी भागांत पिढ्यान्‌पिढ्या होता. महाराष्ट्राचा पूर्वेकडचा वनप्रदेशही त्यात येई. त्यावर उपाय एकच: बेंझाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन, रोग्याला आणि त्याच्या सहवासातल्या सगळ्यांना. १९९६ नंतर घरोघर जाऊन रोगी शोधण्याची मोहीम पद्धतशीरपणे राबवली गेली. २००३ नंतर देशात नवा रोगी सापडला नाही, २००६ साली भारताने निर्मूलन जाहीर केले आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर शिक्कामोर्तब केले. औषध जुनेच होते, अर्ध्या शतकाहून जुने. नेमका रोग, नेमके औषध, नेमकी मात्रा आणि कोणाला दिले याची नोंद, या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणून ते जिंकले. जुने औषध निकामी होतेच असे नाही. बेशिस्तीने ते निकामी होते.

आता दुसऱ्या बाजूचा, म्हणजे जंतूंचा इतिहास. पहिल्या रोग्याला पेनिसिलिन मिळण्याच्या आधीच, डिसेंबर १९४० मध्ये, एडवर्ड एब्रहम आणि चेन यांनी लिहून ठेवले होते की काही जंतूंकडे पेनिसिलिन नष्ट करणारे विकर असते. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे असते आणि त्याच्यावरच औषधाचा सगळा गुण अवलंबून असतो. हे विकर ते कडेच तोडते. या जातीच्या विकरांना आज बीटा-लॅक्टमेज म्हणतात. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी पू करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंची मोजणी केली, तेव्हा १९४६ साली त्यांतले सुमारे १४ टक्के पेनिसिलिनला दाद देत नव्हते; १९४८ पर्यंत हे प्रमाण ५९ टक्क्यांवर गेले. दोन वर्षांत एवढे जंतू नव्याने काही शिकले नव्हते. जे विकरधारी होते तेवढे औषधाच्या माऱ्यात तगले आणि पसरले. फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानात हाच इशारा दिला होता: हे औषध दुकानात कोणालाही मिळू लागेल, आणि अपुरी मात्रा घेणारा माणूस आपल्या अंगातल्या जंतूंना त्याची सवय लावील.

या लढाईत औषधशास्त्राने दोन वाटा काढल्या. पहिली, रेणूच बदलण्याची. इंग्लंडच्या बीचम कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस पेनिसिलिनचा गाभा वेगळा केला आणि त्यावर नव्या साखळ्या जोडून मेथिसिलिन, अँपिसिलिन आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी अमॉक्सिसिलिन बाजारात आणले. अमॉक्सिसिलिन पोटातून उत्तम शोषले जाते आणि पेनिसिलिनपेक्षा जास्त प्रकारच्या जंतूंवर चालते, पण विकरापुढे तेही टिकत नाही. दुसरी वाट त्याच कंपनीला १९७० च्या दशकाच्या मध्यात सापडली. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्युलिजेरस या जंतूपासून क्लॅव्युलॅनिक आम्ल मिळाले. स्वतः ते जंतूंना फारसे मारत नाही. पण त्याची घडण पेनिसिलिनसारखी असल्यामुळे विकर त्यावर तुटून पडते आणि तिथेच कायमचे अडकते, जसा गळाच्या आमिषाला लागलेला मासा पुन्हा दुसऱ्या भक्ष्यामागे जाऊ शकत नाही. तेवढ्या अवकाशात अमॉक्सिसिलिन आपले काम उरकते. ही जोडी १९८१ साली इंग्लंडमध्ये ‘ऑगमेंटिन’ या नावाने विक्रीला आली.

या जोडीची रचना समजली की तिच्या मर्यादाही समजतात, आणि सुरक्षित वापराचा कणा इथेच आहे. गोळीतले क्लॅव्युलॅनिक आम्ल (क्लॅव्युलॅनेट) एकाच प्रश्नाचे उत्तर आहे: जंतू विकर सोडून अमॉक्सिसिलिन तोडत असेल तर काय करायचे? जिथे तो प्रश्नच नाही तिथे हे उत्तर फुकट जाते. सर्दी, फ्लू आणि घशाचे बहुतेक संसर्ग विषाणूंचे असतात; त्यांत दोन्ही औषधे निरुपयोगी. जंतूमुळे घसा धरतो तेव्हा बहुधा स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस असतो, आणि आठ दशकांच्या वापरानंतरही हा जंतू पेनिसिलिनला बळी पडतो, कारण त्याच्याकडे ते विकर नाही. त्यामुळे त्याला साधे पेनिसिलिन किंवा साधे अमॉक्सिसिलिन पुरते. न्यूमोनियाचा न्यूमोकोकस हट्टी होतो तो वेगळ्या मार्गाने: औषध जिथे चिकटते ती जागाच तो बदलतो. तिथे अमॉक्सिसिलिनची मात्रा वाढवून उपयोग होतो, क्लॅव्युलॅनेट जोडून नाही. उलट कुत्र्या-मांजराचा चावा, काही प्रकारचे सायनस आणि कानाचे संसर्ग, जबड्यापर्यंत पसरलेला दातांचा संसर्ग, अशा ठिकाणी अनेक जातींचे किंवा विकरधारी जंतू असण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथे ही जोडी खरोखर मोलाची आहे. आणि जंतूंकडे विकरांच्या आणखी ताकदवान जाती असतील, विशेषतः २००९ मध्ये वर्णन झालेले आणि नवी दिल्लीचे नाव दिले गेलेले एनडीएम-१, तर क्लॅव्युलॅनेटचे आमिष ते गिळतच नाहीत.

बुरोंडीसारख्या किनाऱ्यावर हा भेद पुस्तकी राहत नाही. शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी हातात घुसली, तर जखमेत समुद्राच्या पाण्यातले जंतू जातात. व्हिब्रिओ कुळातल्या जंतूंचा संसर्ग काही तासांत चिघळू शकतो, विशेषतः यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्या माणसात, आणि त्यासाठी डॉक्टर सहसा डॉक्सिसायक्लिन आणि दुसऱ्या वर्गातले प्रतिजैविक निवडतात. गोड्या किंवा मचूळ पाण्यातला एरोमोनास तर या जोडीला जन्मजातच दाद देत नाही. पावसाळ्यात १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते आणि भाताच्या चिखलात काम सुरू होते. तेव्हा अंगदुखीसह आलेला ताप लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. त्याच्या सौम्य रूपात डॉक्सिसायक्लिन आणि गंभीर रूपात शिरेतून दिलेले पेनिसिलिन ही प्रस्थापित औषधे आहेत. कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि रेबीजची लस या गोष्टी गोळीच्या कितीतरी आधी येतात. म्हणजे या किनाऱ्यावरच्या नेहमीच्या तीन प्रसंगांत ‘सहाशे पंचवीस’ हे एकच उत्तर देणारा माणूस दोनदा चुकतो, आणि तिसऱ्यांदा बरोबर असूनही अपुरा ठरतो.

मग ही गोळी सगळ्यांचे उत्तर कशी झाली? त्यात धोरणाचा वाटा मोठा आहे, आणि ते धोरण वाईट नव्हते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांच्या उत्पादनावरचे पेटंट काढून फक्त प्रक्रियेवरचे पेटंट ठेवले. त्यामुळे परदेशी शोधलेले औषध भारतीय कंपन्या आपल्या पद्धतीने स्वस्तात बनवू लागल्या. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेटची असंख्य नावे बाजारात आली, ते राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत गेले आणि त्याच्या किमतीला वरची मर्यादा लागली. या स्पर्धेचा दुसरा परिणाम असा, की दुकानात ‘जास्त पावरची’ म्हणून जोडीची गोळी पुढे सरकू लागली आणि साधे अमॉक्सिसिलिन मागे पडले. जोडण्याचा मोह तर इतका वाढला की अमॉक्सिसिलिनमध्ये कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन मिसळलेली औषधेही विकली जात होती. शास्त्रीय आधार नसल्यामुळे सरकारने जून २०२३ मध्ये इतर १३ मिश्रणांबरोबर त्यावर बंदी घातली. याच काळात पिंपरीच्या कारखान्याची घसरण झाली. स्वस्त आयातीपुढे देशातले पेनिसिलिनचे मूळ उत्पादन टिकले नाही, कंपनी १९९७ मध्ये आजारी उद्योग म्हणून नोंदली गेली आणि २०१६ च्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची अतिरिक्त जमीन विकून निर्गुंतवणूक करण्याचा निर्णय घेतला. चार वर्षांनी पेनिसिलिन-जी आणि क्लॅव्युलॅनिक आम्ल देशातच बनावे म्हणून सरकारला प्रोत्साहन योजना आणावी लागली. हातचे कौशल्य घालवून ते पुन्हा पैसे देऊन उभे करण्याची ही वेळ टाळता आली असती.

कायद्याची चौकट होती. १९४५ च्या औषध नियमांतील एच अनुसूचीनुसार ही गोळी चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीत काही प्रतिजैविकांसाठी रोगी आणि डॉक्टरची वेगळी नोंदवही बंधनकारक झाली, पण त्या यादीत अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट नव्हते. २०१६ साली स्ट्रिपवरच्या लाल रेघेचा अर्थ सांगणारी राष्ट्रीय मोहीम निघाली. रेघ दिसते, पण रेघ प्रश्न विचारत नाही. आणि या औषधाला प्रश्न विचारावेच लागतात. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी क्वचित असली तरी ती काही मिनिटांत जीव घेऊ शकते. क्लॅव्युलॅनेटमुळे जुलाब साध्या अमॉक्सिसिलिनपेक्षा जास्त होतात. काही जणांना, विशेषतः उतारवयातल्या पुरुषांना आणि लांबलेल्या उपचारात, यकृतावर परिणाम होऊन कावीळ होते, आणि ती औषध थांबवल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकते. तेव्हा गोळीशी तिचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. एकदा अशी कावीळ झालेल्याने हे औषध पुन्हा घेऊ नये. मूत्रपिंड कमकुवत असेल तर मात्रा बदलावी लागते, आणि वॉर्फेरिन किंवा मेथोट्रेक्सेट चालू असेल तर डॉक्टरला सांगावेच लागते. यातले यकृताचे आणि पोटाचे दुखणे मुख्यतः जोडीदारामुळे येते. म्हणून जिथे क्लॅव्युलॅनेटची गरज नाही तिथे ते घेणे म्हणजे फायद्याशिवाय धोका पत्करणे.

आकड्यांचाही एक सापळा आहे. ३७५ ची गोळी म्हणजे २५० अधिक १२५, ६२५ ची ५०० अधिक १२५ आणि १००० ची ८७५ अधिक १२५. क्लॅव्युलॅनेट तिन्हींत तेवढेच. म्हणून ६२५ मिळाली नाही तर ३७५ च्या दोन घेतल्या, तर अमॉक्सिसिलिन बरोबर होते पण क्लॅव्युलॅनेट दुप्पट जाते. आकड्यांची बेरीज इथे चालत नाही. गोळी जेवणाच्या सुरुवातीला घेतली तर पोटाला त्रास कमी होतो आणि क्लॅव्युलॅनेट नीट शोषले जाते. ते ओलाव्याने लवकर खराब होते, म्हणून गोळी ॲल्युमिनियमच्या वेष्टनात असते. कोकणच्या पावसाळी हवेत ती आधीच सोडवून डबीत ठेवणे म्हणजे जोडीदार गमावणे. मुलांच्या ड्राय सिरपमध्ये उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालून ते फ्रीजमध्ये ठेवावे आणि वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीत, बहुधा सात दिवसांत, संपवावे. उरलेले पुढच्या तापासाठी राखू नये.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की ही शहरी शहाणपणाची भाषा आहे. गावात डॉक्टर रोज नसतो, बोटीवरून उतरलेल्या खलाशाचा दिवस बुडतो, एसटीने तालुक्याला जाणे-येणे महाग पडते. चिठ्ठीची सक्ती केली तर ज्याला औषध हवे त्याचेच ते तुटेल. हा आक्षेप खरा आहे, कारण आजही प्रतिजैविक वेळेवर न मिळाल्याने मुले दगावतात. पण त्याचे उत्तर महाराष्ट्रातच, गडचिरोलीत दिले गेले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि सुईणींना मुलाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले आणि ठरलेल्या नियमाप्रमाणे प्रतिजैविक देण्याचा अधिकार दिला. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. औषध जोडगोळीचे नव्हते, साधे को-ट्रायमोक्साझोल होते. या प्रयोगाचा धडा स्पष्ट आहे: दुर्गम गावात दरवेळी डॉक्टर लागतोच असे नाही, पण नियम लागतो आणि तो पाळणारा प्रशिक्षित माणूस लागतो. प्रवेश आणि शिस्त एकमेकांच्या विरोधात नाहीत. गडचिरोलीत शिस्तीमुळेच औषध गरजू मुलापर्यंत पोहोचले.

दुसरा आक्षेप जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातून येतो. २०१७ पासून संघटनेने प्रतिजैविकांचे तीन गट केले, आणि ही जोडी त्यातल्या पहिल्या, सर्वत्र उपलब्ध असावी अशा गटात आहे. मग तिच्याबद्दल एवढी चिंता कशाला? पण तो गट म्हणजे परवाना नाही. त्याच गटात साधे अमॉक्सिसिलिनही आहे, आणि संघटनेच्या मार्गदर्शनात घशाच्या जंतुसंसर्गासाठी किंवा मुलांच्या साध्या न्यूमोनियासाठी तेच पुढे केले जाते. उपलब्धतेचा अर्थ असा की गरज पडली तर मिळावे. गरज नसताना घेतले तर पोटातल्या ई. कोलायसारख्या जंतूंमध्ये विकरधाऱ्यांचीच निवड होते, आणि उद्या मूत्रमार्गाच्या संसर्गात हीच गोळी तिथे हरते. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभर १२.७ लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने मांडला. त्यात आपल्यासारख्या देशांचा वाटा लहान नाही.

तिसरा आक्षेप विज्ञान बदलते याचा आहे. कालपर्यंत ‘कोर्स पूर्ण करा’ सांगत होते, आता काही तज्ज्ञ छोटे कोर्स चांगले म्हणतात. मग सामान्य माणसाने कोणाचे ऐकायचे? हा बदल खरा आहे. अनेक संसर्गांत कमी दिवसांचा उपचार तेवढाच गुणकारी ठरतो, आणि गरजेपेक्षा जास्त दिवस घेतलेले औषधही अंगातल्या इतर जंतूंना कणखर बनवते. पण यातून ‘बरे वाटले की थांबा आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला द्या’ असा निष्कर्ष निघत नाही. किती दिवस घ्यायचे हे रोगावर अवलंबून आहे आणि ते रोग ओळखणाऱ्यानेच ठरवायचे. नियम अधिक नेमका झाला आहे, सैल झालेला नाही. कोंबड्यांच्या खाद्यात आणि औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातही प्रतिजैविके जातात, मग एकट्या रोग्याला दोष का, असे विचारणारेही बरोबर आहेत. त्या दोन्हींवर कठोर नियंत्रण हवे. पण तिथली हलगर्जी घरातल्या डबीतल्या उरलेल्या स्ट्रिपला निर्दोष ठरवत नाही.

म्हणून मागणी ठोस असली पाहिजे. बुरोंडीसारख्या गावातल्या मेडिकलमध्ये साधे अमॉक्सिसिलिन जोडगोळीइतक्याच सहज मिळाले पाहिजे. आशा आणि आरोग्यसेविका यांना घसा, कान, जखम, ताप यांसाठी लेखी नियम, श्वास मोजण्याचे प्रशिक्षण आणि वर पाठवण्याचा स्पष्ट मार्ग मिळाला पाहिजे. जखमेचा पू आणि लघवी यांचे कल्चर तपासण्याची सोय तालुक्याच्या पातळीवर झाली, तर डॉक्टरला अंदाजाने ‘मोठे’ औषध लिहावे लागणार नाही. आणि दुकानदाराने निदान चार प्रश्न विचारावेत: पूर्वी ॲलर्जी किंवा कावीळ झाली होती का, सध्या दुसरी औषधे कोणती चालू आहेत, गोळी कोणी सांगितली, आणि कशासाठी. सुई होती तेव्हा हे प्रश्न तिच्याबरोबर आपोआप येत होते. ते आता माणसांना जाणीवपूर्वक विचारावे लागतील. पिंपरीत कारखाना उभारणाऱ्या पिढीने पेनिसिलिन मिळवणे हे देशाचे काम मानले. ते टिकवणे हेही तेवढेच देशाचे काम आहे, आणि त्याची सुरुवात ज्या नाक्यावर गोळी विकली जाते तिथूनच करावी लागेल.